साहित्य क्रमांक सात

नाटक कंपनीबरोबर फिरत फिरत मी नेब्रास्कातल्या हॅडली बेंडला आले, औषधाच्या दुकानदाराशी लग्न केलं आणि राहिले. त्याला आता चाळीस वर्षं होतील. रंगमंचावर मोठमोठ्या लोकांचे संवाद मी जवळून ऐकलेत. पण ज्या बाईकडे मी सर्वांत जास्त काळ टक लावून पाहिलं, ती आमच्या शाळेची नर्स होती. तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नसे.

व्हर्ला कुबिचेक. बांधा आडवा, चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला, खिशात कायम पट्टीची गुंडाळी. बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं गाव एकाच इमारतीत शिकतं, त्यामुळे गावातलं एकही नाक असं नाही जे तिनं कधी ना कधी चिमटीत धरून रक्त थांबवलेलं नाही. आणि दर एप्रिलमध्ये पाचवीच्या मुलांना दोन दिवस ती वाढीचा धडा देई. घाम का येतो, आवाज का फुटतो, पाळी म्हणजे काय. आधी घरी पत्र जाई. ज्यांचे आईबाप सही करत नसत ती मुलं त्या वेळात ग्रंथालयात बसत.

धड्याचं पुस्तक जिल्ह्यानं ठरवलेलं होतं. डबा मात्र व्हर्लाचा होता. कॉफीचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना कार्डं वाटायची आणि सांगायची, "विचारायला लाज वाटते ते लिहा. नाव नको. काही विचारायचं नसेल तर आज काय जेवलात ते लिहा. पण लिहायचं सगळ्यांनी."

खरी कारागिरी त्या शेवटच्या वाक्यात होती. एकतीस पेन्सिली एकदम चालल्या की कुणी विचारलं आणि कुणी राजमा-खिम्याच्या चिलीची वाटी लिहिली हे शेजारच्यालाही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांची उत्तरं द्यायची, जेवणाचीसुद्धा. "चिली आणि दालचिनीचा रोल, सतरा जण. रोल चिलीत बुडवून खाणाऱ्यांनी हात वर करा." मग कार्डं तिच्या घरच्या शेगडीत जात. तसं तिनं मुलांना वचनच दिलेलं होतं.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी एका कार्डावर लिहिलेलं होतं : घरातलं मोठं माणूस रोज रडत असेल तर ते आजारी असतं का? ते माझ्यामुळे होतं का?

व्हर्लानं उत्तर दिलं की असू शकतं, त्यावर डॉक्टर असतात, आणि नाही, मुलामुळे ते कधीच होत नाही.

ब्रिन ऑस्ट नावाच्या मुलीनं हे त्या संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. तिचा बाप डॅरल विजेच्या खांबांवर काम करणारा. दीड वर्षापूर्वी त्याचा धाकटा भाऊ धान्याच्या कोठीत पडून वारला होता. तेव्हापासून डॅरलची गाडी कामाच्या दिवशीही घरासमोर उभी दिसायची. सगळ्या गावानं ती पाहिली होती. त्याबद्दल कुणी बोललं मात्र नव्हतं.

डॅरलनं डब्याविरुद्ध तक्रार दिली. शाळा मंडळाची सभा महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सात वाजता ग्रंथालयात भरते. अध्यक्ष मर्ल यान्सन, बियाण्यांचा व्यापारी, अंडी उकडायचं घड्याळ समोर ठेवून बसतो. बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं.

"व्हर्ला," मर्ल म्हणाला, "धड्याच्या मंजूर साहित्याच्या यादीत पुस्तक आहे, तक्ते आहेत, पालकांचं पत्र आहे. एकूण सहा वस्तू. डबा कुठाय?"

"माझ्या कपाटात."

"कपाटाचं नाही विचारत. यादीत कुठाय?"

"तो साहित्य आहे असं मला वाटलंच नाही, मर्ल. कॉफीचा डबा आहे तो."

"किती वर्षं?"

"चोवीस. आधीचा गंजला होता."

लोक हसले, पण चूक खरी होती. आमच्याकडे वर्गात जे जाईल ते आधी तीस दिवस ग्रंथालयातल्या टेबलावर मांडावं लागतं. कुणीही यावं, पाहावं, वहीत सही करून शेरा लिहावा. मग मतदान. पुस्तक दर सात वर्षांनी त्या टेबलावरून गेलं होतं. डबा कधीच नाही.

डॅरल उभा राहिला. "मिसेस कुबिचेक, माझं तुमच्याशी भांडण नाही. डबा राहू दे. पण पोरांनी त्यात काय टाकलं ते आईबापांना बघायला मिळालं पाहिजे. एवढं लिहून घ्या, म्हणजे झालं."

"कार्डं राहत नाहीत, डॅरल. जाळते मी."

"सोयीचं आहे."

"तुझंही जाळलं होतं."

त्याचे कान लाल झाले. त्याला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. ते कार्ड ब्रिनचं होतं का, एवढंच. व्हर्ला गावातलं प्रत्येक अक्षर ओळखत होती; तिनं सांगितलं असतं तर डबा त्याच क्षणी वाचला असता आणि पुढच्या एप्रिलपासून त्यात फक्त जेवणं पडली असती.

तिच्या तीन मिनिटांसाठी मी तिला आदल्या दिवशी शिकवलं होतं. ताठ उभी राहा, शेवटच्या रांगेकडे बघ, श्वास पोटातून घे. ती "हो, हो" म्हणाली होती आणि येताना कार्डांचा गठ्ठा आणि चर्चच्या बाकांवर असतात तसल्या बुटक्या पेन्सिली घेऊन आली.

"घड्याळ लाव, मर्ल," ती म्हणाली आणि वाटायला लागली. "विचारायला लाज वाटते ते लिहा. नाव नको. नसेल काही तर आज काय जेवलात ते लिहा. पण लिहायचं सगळ्यांनी."

"मीपण?" मर्लनं विचारलं.

"पेन्सिल दिलीय ना हातात?"

साठेक माणसं होतो आम्ही. थोडा वेळ इकडेतिकडे पाहणं झालं, मग पेन्सिली सुरू झाल्या. मी काय लिहिलं ते माझ्यापाशीच राहील, पण जेवण नाही लिहिलं. डबा हातोहात फिरला. डॅरलनं कार्ड चार वेळा दुमडून टाकलं. शेवटचं कार्ड आत गेलं आणि घड्याळ वाजलं. स्वतःच्या बाजूनं व्हर्लानं एक वाक्यही म्हटलं नव्हतं.

तेव्हा चिटणीस लोर्ना, नियमाची पक्की बाई, मान वर न करता म्हणाली, "सभेत सादर झालेला कागद दप्तरी लागतो. अर्ज केला तर कुणालाही बघता येतो."

खुर्च्या करकरल्या. मंडळावरच्या एका सदस्यानं टाय सैल केला. "लोर्ना, अगं थांब जरा," तो म्हणाला.

मर्लनं डब्याकडे पाहिलं. त्यात त्याचंही कार्ड होतं. "व्हर्ला, हे तू सादर केलंस का?"

"नाही. माझा डबा आहे. मी घरी नेतेय."

"कुणाची हरकत?"

सगळ्यांनी डॅरलकडे पाहिलं. दहा दिवस तो कार्डं उघडी करा म्हणत होता. आता दोन्ही हात त्यानं गुडघ्यांत दाबून धरले होते.

"नेऊ द्या त्यांना," तो म्हणाला.

डबा तीस दिवस टेबलावर राहिला, रिकामा. लोर्नानं त्यावर चिठ्ठी चिकटवली : साहित्य क्रमांक सात, डबा, एक. मी जाता-येता पाहत होते. त्याच्यापुढे थांबणारे बरेच लोक झाकण उघडून आत डोकावत आणि मग गुपचूप बंद करत.

पुढच्या सभेत मतदानाआधी वहीतले शेरे वाचायचे होते. नियमच तसा आहे. मंडळावरच्या दंतवैद्यांनी लिहिलं होतं की चिरेची कड धारदार आहे, मुलांना लागेल. दोघांनी मुलांसाठी धडा चांगला आहे असं लिहिलं होतं, एकानं धडाच नको असं. शेवटचा शेरा वाचताना लोर्ना थबकली.

"डॅरल ऑस्ट. दुपारी टोमॅटोचं सूप, चीज सँडविच." तिनं पान उलटून पाहिलं. "एवढंच आहे. मर्ल, हा शेरा म्हणून धरायचा का?"

मर्ल व्हर्लाकडे वळला. डॅरल सभेला आलेला नव्हता.

"धर," व्हर्ला म्हणाली. तिनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "विचारायचं काही नसेल तर जेवण. तसंच लिहिलंय त्यानं."

मतं पाचाविरुद्ध एक पडली. विरोधातलं मत दंतवैद्यांचं. पालकांच्या पत्रात डब्याचा उल्लेख करायचा अशी अट आली, ती व्हर्लानं लिहून घेतली. मग डबा काखेत मारून ती कपाटाकडे निघाली. वाटेत झाकणावरून बोट फिरवून तिनं चिरेची कड तपासली आणि ती घासायला कानस कुठे मिळेल ते मला विचारलं.