मेराखेफेत

लग्न होऊन रहिमतपुरात आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. कवठे महांकाळच्या शाळेत वक्तृत्वात पहिली आले होते ना! आमचे हे तेव्हा चर्चचे पाळक व्हायचा अभ्यास करत होते. सकाळी अंगणात फेऱ्या मारत हिब्रू घोकायचे. एकदा माझ्या कानावर आलं, "मेला खेपेत, मेला खेपेत." हातातली फुंकणी टाकून मी सासूबाईंकडे पळाले.

"आत्याबाई, आवं कुणीतरी मेलंय!"

"कोण गं?"

"ठावं न्हाई. पर खेपेत मेलंय."

सासूबाई पदर खोचून शेजारी चौकशीला निघाल्या, तेव्हा हे हसत दारात आडवे आले. शब्द होता 'मेराखेफेत'. बायबलच्या पहिल्याच पानावरचं क्रियापद. सगळा अंधार, नुसतं पाणी, आणि त्यावर देवाचा आत्मा जे करत होता ते. हे क्रियापद पुढं फार क्वचित येतं; एकदा गरुड पिल्लांवर पंख फडफडवतो तिथं. आपण पाखर घालणं म्हणतो, त्याच्या जवळचं. पण टेकायचं नाही, वरचेवर तरंगायचं. आणि रूप स्त्रीलिंगी.

"म्हंजे देवाच्यातबी राबायचं बाईनंच!" मी म्हणाले. शिवाय न टेकता ऊब कशी लागंल, जरा कोंबडीला विचारा, असंही सुनावलं. केवढं ते ज्ञान! खुडूक कोंबडीपलीकडं मी जग पाहिलं नव्हतं.

यंदा आमच्या लेकीला, आस सुटत आलेली असताना, मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. सांगलीच्या दवाखान्यात तिला काचेच्या उबेच्या पेटीत ठेवलं होतं. ओंजळीत मावेल एवढी. हात लावायचा नाही, असं नर्सने बजावलेलं. लेक टाके सांभाळत उभी राहायची आणि काचेच्या वर तळवा धरायची. टेकवायची नाही. बाळाची छाती हलेल तसा तळवा वरखाली व्हायचा.

"बस की गं जरा," मी म्हणायची.

"आई, मी हात काढला तर ती श्वास घ्यायला विसरेल."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काचेकडं.

बाळ गेलं तेव्हा तळवा तिथंच होता. नर्सने यंत्र बंद केलं, तरी तो वरखाली होत राहिला. जावयाने धरला तेव्हा थांबला.

दफनाच्या वेळी प्रार्थना यांनीच करायची होती. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी केलेली. यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. हातपाय थरथरत होते. शेवटी आम्ही सगळे नुसतेच उभे राहिलो.

घरी आल्यावर ओट्यावर बसून हे हळूच म्हणाले, "ते क्रियापद आणखी एका ठिकाणी येतं. एका संदेष्ट्याचं काळीज फुटतं आणि त्याची सगळी हाडं थरथरतात. तिथं."

"एकच शब्द? पाखर घालायला बी आनि थरथरायला बी?"

"काही पंडित म्हणतात, दोन वेगळी क्रियापदं असावीत."

"तुमाला काय वाटतं?"

"शिकत होतो तवा दोन वाटायची."

आतून लेकीची हाक आली. "आई, दूध येतंय गं. थांबतच नाही."

मी कोरडा पंचा घेऊन आत गेले.