जांघेतली गाठ

काल एसटीत कुणीतरी निलगिरीचं मलम चोळलं आणि मला ढोकीचा तो दवाखाना आठवला. आईच्या जांघेत गाठ आली होती, उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टर जागचा हललासुद्धा नाही.

"बाईमाणसाचं तिथं काय तपासायचं? अवधाण असेल, पायाला जखम झाली की जांघेत सूज येते तसं. मलम चोळा."

तेव्हा तो मला सभ्य वाटला होता. आज त्याचा आळस आणि माज तेवढा दिसतो.

दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून बघितली. "हर्निया आहे, आतडं अडकलंय. लगेच ऑपरेशन करू." काळं पडलेलं आतडं कापावं लागलं, पण आई वाचली.

पुढं बाजारात तो डॉक्टर भेटला. "काय करणार, तुम्हीच लाजत होता," म्हणाला.

आई म्हणाली, "म्या लाजले तर चालतंय. तुमी कशापायी लाजला?"