शाईवरचा दोरा

“टेलरनं त्या साऱ्या सह्या सोताच शिवल्या. नट त्याले कायले सही देतीन?” शिरपूरच्या पानठेल्यावर आजही असे सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे. अकोल्याच्या चाहता मेळाव्याला मी स्वतः त्याच्यासोबत होतो.

हा गृहस्थ नटनट्यांच्या सह्या पांढऱ्या मांजरपाटावर घेतो आणि घरी येताच त्या शाईवर निळ्या दोऱ्याने टाके घालतो. “गुरुजी, शाई उडून जाते, दोरा राह्यते,” असे तो सुई ओवता ओवता, माझ्याकडे न पाहता सांगतो. या हट्टापायी आपण आपलाच पुरावा झाकतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही. ठेल्यावरच्यांना तेवढेच पुरले.

यंदा त्या मेळाव्यात, मालिकेत खाष्ट सासू रंगवणाऱ्या बाईंसमोर त्याने तो कपडा पसरला. त्यावर त्यांची जुनी सही होती, शेवटच्या अक्षराची शेपटी पार खाली घसरलेली. बाई मोठ्याने हसल्या.

“अहो, तेव्हा गर्दीत मला कुणाचा तरी धक्का लागला होता! तुम्ही तो धक्कासुद्धा शिवलात?”

“तुमी जसं देलं तसंच ठेवलं, बाई.”

बाईंनी त्या जुन्या सहीखाली पुन्हा सही केली. परतताना बसमध्ये त्याने सवयीने सुई काढली, तेव्हा मी त्याचा हात धरला.

तो कपडा आता ठेल्यासमोरच, त्याच्या दुकानात टांगलेला आहे, आणि त्या दुसऱ्या सहीवर एकही टाका नाही.