ओसरीवरचे सात दिवस

२३ मार्च २०११, बुधवार, सेलू. घरी हजर: मी, सातवा महिना चालू; सासूबाई; आणि जपानहून परत आलेला माझा धाकटा भाऊ. मिस्टर ड्युटीवर परभणीला.

भाऊ तिकडे एका कारखान्यात होता. भूकंप झाला, समुद्र आत शिरला आणि त्याच्या गावापासून काही कोसांवरच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाले. गाव रिकामं केलं. त्याला छावणीत ठेवलं, यंत्र लावून तपासलं आणि सोडलं. आईवडील नव्हते, म्हणून तो माझ्याकडे आला.

मी आदल्या दिवशीच यादी केली होती. आंघोळ अंगणात. अंगावरचे कपडे जाळायचे. ताट-तांब्या वेगळा. झोपायला ओसरी. किती दिवस, हे कुणाला विचारावं कळेना. सुतक दहा दिवसांचं असतं, म्हणून दहा लिहिले.

"अक्का, मला तपासलंय. हा कागद बघ."

"हे जपानीत हाय. मला काय कळतंय त्यातलं?"

"पोटुशी हाय ती," सासूबाई आतून म्हणाल्या. "काय बोलायचं ते तितूनच बोला."

तो हसला. "लोकं दुसऱ्याचं सुतक पाळतेत. मी माझंच पाळायलोय."

कपड्यांत हातानं विणलेला एक स्वेटर होता. छावणीतल्या एका म्हातारीनं त्याला दिलेला. तेवढा ठेव, म्हणाला. मी यादीप्रमाणे केलं.

सातव्या दिवशी सकाळी ओसरी रिकामी होती. ताट धुऊन पालथं घातलेलं, त्याखाली तो कागद.

मुलगी धडधाकट झाली. आता ती लातूरला शिकते. मिस्टर अजून बदलीवर, सासूबाई गेल्या. सकाळी आठलाच माझी सगळी कामं आटपतात, पुढचा दिवस मोठा असतो. भाऊ पुण्यात असतो. भाऊबीजेला येतो, पण आत येत नाही. ओसरीवरच ओवाळून घेतो, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. जेवायचा आग्रह केला, की "उशीर होईल अक्का," म्हणतो.

मागच्या सुट्टीत मुलीनं तो कागद मोबाइलवर वाचून दाखवला. तपासणीत काही आढळलं नाही, एवढंच त्यात होतं.

"मामानं हे तुला सांगितलं नव्हतं का?"

मी मेथी निवडत राहिले.

त्यानंतर तीनदा त्याला फोन लावला. त्यानं उचलला की मी तब्येत विचारते, पुण्यातला पाऊस विचारते आणि ठेवते. माझं चुकलं, एवढं म्हणायचं अजून राहिलंय.