कुत्र्याचं आधी सांग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उकडलेले शिंगाडे सोलणं. अंगणात उन्हाला बसलो होतो. ती सोलत होती, मी खात होतो. "सोलून राहिले का गिळून राहिले?" म्हणाली. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट नगाऱ्यासारखं, पण जीभ शाबूत. माझी घरची अशीच होती. कोणाची भीड नाही.

दारू मी प्यायचो, लिव्हर तिचं गेलं. एका पावसाळ्यात कावीळ झाली, ती पुरती उतरलीच नाही. बायका म्हणत, चोरून पीत असेल. ती त्यांना विहिरीवर ऐकवे, "हो वो माय, नवऱ्याची उरते. फेकाची कायले?"

ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. खराब लिव्हर काढून दुसरं बसवलं तर जीव किती दिवस तगतो, हे तो कुत्र्यांवर करून पाहत होता. आणि तिच्यासारखी माणसं तसं न करता किती तगतात, तेही लिहून ठेवत होता. गावाहून शहापूरपर्यंत सायकलनं आणि तिथून एस.टी.नं आम्ही जायचो. तो टेप लावून तिचं पोट मोजे. ती म्हणे, "चोळी शिवून राहिला का रे बाबू?" मग तो वही उघडून विचारी, भूक लागते का, झोप येते का? ती तोंड मिटून बसे. "कुत्र्याचं आधी सांग." त्याला सांगावं लागे. पहिला टेबलावरच मेला. दुसरा शुद्धीवर आला नाही. एक मात्र उठला, पाणी प्याला, शेपटी हलवली आणि चौथ्या दिवशी गेला. त्या दिवशी परतताना ती एस.टी.त रडली. माझा बाप मेला तेव्हाही एवढी रडली नव्हती.

एकदा तिनं सरळच विचारलं, "मले कधी बसवतं?"

तो खाली पाहून म्हणाला, "तुमच्या हयातीत नाही जमणार, बाई."

मी उठून त्याची कॉलर धरली. तिनंच माझा हात झटकला. "खरं बोलला तो. तुमी कधी बोलले?"

तिथंच तिनं त्याला शब्द दिला, की मेल्यावर मला कापून लिव्हर पाहा. तो म्हणाला, शहापूरच्या पोस्टातून फोन करा, मी गाडी पाठवतो. ती माझ्याकडे वळली. "कुत्र्याईनं देल्लं, मी काहून नाही? कराल ना फोन?"

मी हो म्हणालो.

शिंगाडे सोलले त्याच रात्री तिला रक्ताची उलटी झाली आणि ती गेली.

तिचा भाऊ आठ दिवसांपासून आमच्याकडेच होता. त्याला या शब्दाचं ठाऊक होतं. सकाळी अंगण माणसांनी भरलं, तसा तो सायकल घेऊन माझ्याजवळ आला. "भाऊजी, मी शहापूरले जाऊन येतो. डॉक्टरले फोन कराचा हाय ना?"

"कोणता डॉक्टर?" मी म्हणालो, आणि बैलगाडीत लाकडं भरायला घेतली.