रिकाम्या खोलीतलं वाक्य

ते वाक्य आजही जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की मी एकदा मागे वळून पाहतो.

मी तेव्हा जिल्ह्याच्या गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. एटापल्लीच्या अलीकडच्या एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका म्हाताऱ्याला चौकात खांबाला बांधून मारलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. सारं गाव तिथं हजर होतं आणि कुणीही काही पाहिलं नव्हतं. जमावाची नजर नेहमीच कमजोर असते. एकच बाई बोलायला तयार झाली. ती विधवा होती, धानाच्या बांध्यांत मजुरी करायची. नाव बाहेर फुटणार नाही, या एकाच अटीवर तिनं ठाण्यात जबाब दिला. त्याचं चित्रीकरण झालं.

काही दिवसांनी ठाण्यातल्या महिला शिपायाचा मला फोन आला. "सर, ती बाई इथं बसली आहे. घरी जात नाई म्हणते."

मी पोचलो तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. बाजारात भाजी घेताना मागून कुणीतरी तिच्या कानाशी बोललं होतं. ती वळेपर्यंत तो माणूस गर्दीत मिसळला. उन्हामुळे तिथं अर्ध्या बाजारानं तोंडाला दुपट्टा बांधलेला.

"काय बोलला?"

"'माय वो, बोलून बसली मी, आता तूच पाह्य', असं म्हणला. आन् म्हणे, माय पाहीन का नाई, आमी पाहून राह्यलो. पहिलं बोलणं तं माहंच होतं साहेब, इथं ठाण्यातलं."

ठाणेदारांचा संशय महिला शिपायावर होता. जबाब तिनंच घेतला होता. "तिचं माहेर तिकडचंच आहे," ते असं कुजबुजले, जणू माहेर असणं हाच दखलपात्र गुन्हा.

मी तिला बराच वेळ फिरवून फिरवून विचारलं. शेवटी ती म्हणाली, "सर, मी फोडलं असतं तर बाईले इथं कशाले बसवलं असतं?"

उत्तर बिनतोड होतं. पण बिनतोड उत्तरं गुन्हेगारही देतात. म्हणून मी पुन्हा साक्षीदाराकडे गेलो. "बाई, हे वाक्य तुम्ही कुणाजवळ बोलला होता?"

"कोणाजवळच नाई. ह्या बाई पाणी आणाले गेल्या होत्या. खोलीत कोणीच नोतं."

माणूस कुणीच नव्हता. स्टँडवर मोबाइल मात्र होता आणि तो बंद करायचा राहिला होता. आम्ही रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहिलं. रिकाम्या खोलीत तिनं खिडकीतून दिसणाऱ्या देवीच्या देवळाकडे हात जोडले आणि तेच शब्द उच्चारले. कागदावरच्या जबाबात ते नव्हते. म्हणजे माणूस फुटला नव्हता, चित्रीकरण बाहेर गेलं होतं.

"हे ठेवता कुठं?"

"क्लाउडवर, सर. पासवर्ड इतका कडक आहे की मलाही पाठ नाही," ठाणेदार म्हणाले.

"आणि उघडून पाहायची परवानगी कुणाकुणाला आहे?"

संगणकावरच्या शिपायानं सेटिंग उघडलं. तिथं लिहिलं होतं : लिंक असलेली कोणतीही व्यक्ती.

उलगडा सोपा होता. ज्या खोलीत जबाब झाला, त्या 'अद्ययावत साक्षीदार कक्षा'चं आधी थाटात उद्घाटन झालं होतं. फीत, नारळ आणि गोपनीयतेच्या महत्त्वावर भाषणं. पाहुण्यांना आपापले फोटो हवे होते. फोटो ठाण्याच्या मुख्य फोल्डरच्या आत ठेवले गेले आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर लिंक गेली ती मात्र मुख्य फोल्डरची. देवघर दाखवायला साऱ्या घराची कवाडं उघडावीत, तसं. नंतर ती कुणी लावली नाहीत. पुढे त्या फोल्डरमध्ये जे जे पडलं, ते त्या साऱ्यांना दिसत राहिलं. पासवर्डची गरज कुणालाच पडली नाही.

पाहुण्यांत त्या गावचा एकच होता, रस्त्याची कामं घेणारा ठेकेदार. मुख्य आरोपीचा साळा.

"फोटो पाहाले उघडलं साहेब. मोठ्या पाहुण्यासंगचा माहा."

"सापडला?"

"नाई. मले कापलं त्यातून." अटकेपेक्षा त्याला याचंच जास्त लागलेलं दिसलं.

बाजारात बोलला तो त्याचा पुतण्या. पण ठेकेदारानं चित्रीकरण पुढेही धाडलं होतं, तिथून ते आणखी पुढे गेलं होतं. त्याचं शेवटचं टोक आम्हाला सापडलं नाही.

आम्ही परवानगी बंद केली. तपास अधिकारी आणि एक शिपाई, दोघांच्याच नावे ठेवली, तीही खटला संपेपर्यंत. मी बाईला म्हणालो, आता कुलूप लागलं आहे.

"लावलं ते बरं केलं, साहेब. पण ज्यायनं पाह्यलं, त्यायच्या डोळ्यातून निंगते का ते?"

पासवर्ड आत आलेला माणूस कोण ते ओळखतो, त्याला काय पाहू द्यायचं ते परवानगी ठरवते. आम्ही पहिल्याची पूजा केली आणि दुसरी पाहणं कुणाचंच काम नव्हतं. अधिकार देताना कुणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे ठरवावं लागतं. नाहीतर भिंती कितीही जाड असोत, खोली चौकातच असते.

बाईनं कोर्टात साक्ष दिली, डोक्यावरचा पदर मागे सारून. "आता लपून काय करू? सबनं पाह्यलंच आहे," ती म्हणाली. आरोपींना शिक्षा झाली. ती मात्र गावात राहू शकली नाही, आरमोरीकडे बहिणीकडे गेली. निघताना तिनं घराची किल्ली त्याच महिला शिपायाच्या हातात दिली.

"पावसाआधी छपराचे कवेलू पाहून घेजा. दुसऱ्या कोणाले देऊ नका. दिवाळीले येतो मी, तवा वापस घेईन."

त्या दिवाळीला ती आली नाही, पुढच्याही नाही. शिपाई बाई दर उन्हाळ्यात जाऊन कवेलू पाहून येतात. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे.