भावोजींचा अ‍ॅम्प्लिफायर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भावोजींनी जपानी गाडी घेतली. एका इलेक्ट्रॉनिक डबीच्या हुकमावर तिचे गिअर आपोआप बदलत, आणि ती डबी त्यांनी सोसायटीत सगळ्यांना उघडून दाखवली होती. थोड्याच दिवसांत गाडी एकाच गिअरमध्ये अडकायला लागली. "जपान्यांनी फसवलं," असं ते बिनदिक्कत सांगत सुटले.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मीटर घेऊन गेले, तर म्हणाले, "तू ताईला स्वयंपाकात मदत कर ना!"

मी तिकडे लक्षच दिलं नाही. बॅटरी ठणठणीत होती, पण टेपवर गाणं लागलं की डबीपर्यंत पोचणारं व्होल्टेज कोसळायचं. या गृहस्थांनी टेपच्या भल्यामोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर डबीच्याच वायरला जोडली होती. मी ती सोडवली आणि गिअर सुरळीत पडू लागले.

"डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीपासून सीटांखालून वेगळी वायर टाका," मी सांगितलं.

"म्हणजे सीटं काढायची? छे! आणि गाण्यांशिवाय गाडीत मजा काय?"

पुढच्या रविवारी गाणी ठणाणा वाजवत, एकाच गिअरमध्ये कण्हणारी गाडी घेऊन ते ताईसह आमच्या घाटकोपरच्या दारात आले. मी गॅलरीतून ताईला हात केला. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.